पहिला पाळीचा (टर्न-बेस्ड) फँटसी गेम निवडताना

गेल्या दिवाळीत आठवीतल्या भाचीने माझ्या फोनवर एक गेम उतरवून घेतला. जाहिरातीत ड्रॅगन होता, बर्फातला किल्ला होता, दोन्हीकडून चालून येणाऱ्या फौजा होत्या. गेम उघडला तर समोर एक गाव, गावात बांधकामं आणि प्रत्येक बांधकामावर उलट मोजणारं घड्याळ. घड्याळ लवकर संपवायचं असेल तर ८९ रुपये. "मावशी, लढाई कधी सुरू होते?" असं तिने दोन दिवसांत चारदा तरी विचारलं असेल. शेवटी लढाई आली तेव्हा तिला करायला काहीच नव्हतं. सैनिक आपोआप लढले आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकला.

तिला हवं होतं ते वेगळंच, आपण स्वतः एकेक चाल करून लढायचं, आणि ते मोबाइलवर मिळतं. पण जाहिरातींच्या ढिगाखालून ते शोधून काढावं लागतं. मी हे गेम बरीच वर्षं खेळते आहे. ऑफिसातली नवीन मुलंही अधूनमधून विचारत असतात, म्हणून एकदा नीट क्रमाने लिहिते. गेम निवडताना चित्रं सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी तपासा: एक डाव किती वेळात होतो, तो मधेच सोडता येतो का, आणि गेम पैसे कशाचे मागतो.

हा प्रकार नेमका काय

बुद्धिबळ आठवा. तुमची चाल झाली की समोरच्याची. तुम्ही विचार करत असताना त्याचं प्यादं हलत नाही. यालाच टर्न-बेस्ड म्हणतात. मी पाळीचा गेम म्हणते, कारण आमच्या घरी बाबा पटावर बसले की "पाळी कोणाची?" हाच शब्द असायचा. फँटसी म्हणजे मोहऱ्यांच्या जागी एल्फ, ऑर्क, जादूगार, उठून चालणारे सांगाडे. नावं परकी वाटली तरी घाबरू नका. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ, पायदळ होतंच, प्रत्येकाची चाल निराळी होती, आणि कोणाला कुठे उभं करायचं यातच सगळं कसब होतं. इथेही तेच आहे.

मोबाइलवर हा प्रकार छान बसतो. इथे बोटांची चपळाई लागत नाही. वनाझला मेट्रोत बसायला जागा मिळते, डेक्कनला गर्दी वाढते, मग एका हाताने दांडी धरून दुसऱ्या अंगठ्याने चाल करायची. घरून फोन आला तर डाव आहे तिथेच थांबतो आणि आपलं काहीच बिघडत नाही.

पायरी पहिली: आपला वेळ मोजा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि गेम अर्धवट सुटतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

एक दिवस नुसतं बघा की फोन हातात घेऊन सलग बसायला तुम्हाला किती वेळ मिळतो. हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये वाकडच्या पुलाआधी अडकणाऱ्याला पाऊण तास सहज मिळतो. दुकानात गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्याला पाच-सात मिनिटं मिळतात, तीही तुकड्यातुकड्याने. रात्री मुलं झोपल्यावर खेळणाऱ्याला तासभर मिळतो, पण तोवर डोकं थकलेलं असतं. या तिघांना एकच गेम सुचवणं चुकीचं आहे.

पाच-सात मिनिटंवाल्यांनी लहान पटाचा गेम घ्यावा. माझी पहिली शिफारस हॉपलाइट. २०१३ चा गेम आहे, ग्रीक पुराणकथांच्या वातावरणातला. षटकोनी घरांचा छोटासा पट, तुमचा एकच सैनिक, हातात भाला आणि ढाल. एकेक तळघर उतरत सोळाव्या पातळीवरची सोनेरी लोकर गाठायची. यात नशिबाचे फासे नाहीत. तिरंदाज सरळ रेषेतच बाण मारतो, आणि तुम्ही त्याला अगदी खेटून उभे राहिलात तर त्याला मारता येत नाही. हे एकदा कळलं की त्याच्या दिशेने पळत जाणं हीच सुरक्षित चाल ठरते, आणि पहिल्यांदा हे उमगतं तो क्षण फार सुंदर असतो. मेलात तर पहिल्यापासून सुरुवात, पण एक फेरी छोटीच असते.

अर्धा-पाऊण तास सलग मिळत असेल तर बॅटल ऑफ पॉलिटोपिया. हा २०१६ मध्ये सुपर ट्राइब्स या नावाने आला आणि नंतर त्याचं नाव बदललं. ढगांनी झाकलेला नकाशा, एक टोळी, एक गाव, एक सैनिक, एवढ्यावर सुरुवात. ढग हटवत जायचं, गावं जोडायची, शिकार, शेती, रस्ते, जहाजं अशा विद्या शिकत जायच्या. त्यातल्या परफेक्शन प्रकारात बरोबर ३० पाळ्या असतात आणि शेवटी गुण मोजले जातात. डाव कधी संपणार हे आधीच ठाऊक असणं प्रवासात फार सोयीचं. चार टोळ्या फुकट मिळतात, बाकीच्या एकेक करून विकत. खरी फँटसी हवी असेल तर विकतच्यांपैकी एलिरियन घ्या. तिच्याकडे अंड्यातून निघून मोठे होणारे ड्रॅगन आहेत. आधी फुकटच्या टोळ्यांवर दहा-बारा डाव मात्र खेळा.

तासभर निवांत बसणाऱ्यांसाठी मोठे गेम आहेत. त्यातला माझा सगळ्यात लाडका पुढे सविस्तर येतो.

पायरी दुसरी: तुम्हाला नक्की काय करायला आवडेल

पाळीच्या गेममध्ये ढोबळमानाने दोन स्वभाव आहेत. एकात तुम्ही राज्य उभारता आणि लढाई हा त्याचा एक भाग असतो. दुसऱ्यात राज्य दुसऱ्या कोणाचं तरी असतं, तुमच्या हाताखाली दहा-पंधरा माणसं असतात आणि प्रत्येक चकमक तुम्ही स्वतः लढवता.

राज्य उभारण्याच्या प्रकारात जुन्या माणसांच्या तोंडी एकच नाव असतं: हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक, भाग तिसरा, साल १९९९. त्यात एक पाळी म्हणजे एक दिवस. शहरात दिवसाला एकच इमारत बांधता येते, आणि नवे सैनिक मिळतात ते आठवडा उजाडल्यावर. त्यामुळे "आज बांधू की सोमवारची वाट बघू" हा हिशेब सतत डोक्यात चालू राहतो, आणि तिथेच माणूस गुंततो. २०१५ मध्ये त्याची टॅबलेटसाठी आवृत्ती निघाली, पण तीत मूळ गेमच्या दोन्ही विस्तार-आवृत्त्या नाहीत. ज्यांच्याकडे संगणकावरचा मूळ गेम विकत घेतलेला आहे ते व्हीसीएमआय नावाच्या मुक्त इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या खुल्या प्रोग्रॅमवर, तो अँड्रॉइडवर चालवतात. ही खटपट नवख्याने पहिल्याच महिन्यात करू नये.

माणसं सांभाळायच्या प्रकारात फायनल फँटसी टॅक्टिक्स हे मोठं नाव. मूळ १९९७ चा, मोबाइलवर वॉर ऑफ द लायन्स या आवृत्तीत. विकतचा आहे, पण एकदाच पैसे. उंचसखल पटावरची लढाई, प्रत्येक माणसाला बदलता येणारा पेशा, आणि एक कडक नियम: पडलेल्या साथीदाराच्या डोक्यावर आकडा दिसू लागतो, आणि त्याच्या तीन पाळ्या भरायच्या आत त्याला उठवलं नाही तर तो कायमचा गेला. भाषेबद्दल आधीच सांगते. त्यातली इंग्रजी जुन्या वळणाची आणि जड आहे, आणि कथा राजघराण्यांच्या भाऊबंदकीची. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा पहिला गेम म्हणून घेऊ नका. पॉलिटोपिया आणि हॉपलाइटमध्ये वाचायला फार थोडं आहे.

पायरी तिसरी: पैसे कशाचे मागतो

इथे जरा थांबून वाचा.

एक रकमी पैसे घेणारा गेम सगळ्यात सरळ. किंमत दिसते, देता, विषय संपतो. फुकट सुरुवात आणि मग नव्या टोळ्या किंवा पुढचा भाग विकत, हेही ठीक. कारण तुम्ही काय घेताय ते तुम्हाला कळतं.

तिसरा प्रकार वाट बघायला लावणारा. दर डावाला ऊर्जा खर्च होते, ती संपली की तासन् तास थांबा किंवा पैसे भरा. असा गेम तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही. पाळीच्या गेमचं सगळं सुखच त्याने घालवलेलं असतं.

चौथा प्रकार सोडतीचा, त्याला गाचा म्हणतात. आवडता योद्धा विकत मिळत नाही, त्याच्या सोडतीचं तिकीट विकत मिळतं. यातलं गणित मी भाचीला वहीत करून दाखवलं. समजा योद्धा निघण्याची शक्यता १ टक्का आहे. शंभर वेळा सोडत काढली म्हणजे तो मिळालाच असं वाटतं. पण दर वेळी तो न निघण्याची शक्यता ९९ टक्के. तो ०.९९ शंभर वेळा स्वतःशीच गुणला की साधारण ०.३७ येतो. म्हणजे शंभर-शंभर वेळा सोडत काढणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे सदतीस जण रिकाम्या हातानेच परततात. ॲपलने २०१७ पासून आणि गूगलने २०१९ पासून अशा सोडतींमधल्या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं आहे, त्यामुळे गेममध्ये त्या कुठेतरी लिहिलेल्या असतात. शोधा आणि वाचा. पहिला गेम म्हणून सोडतीचा गेम घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यातली चित्रं कितीही देखणी असोत.

जिंकल्यावर रोख पैसे देऊ म्हणणारा गेम दिसला तर तिथूनच मागे फिरा. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे.

पायरी चौथी: स्टोअरच्या पानावर काय बघायचं

शोधताना नुसतं 'स्ट्रॅटेजी' टाकलं की तीच घड्याळवाली गावं वर येतात. इंग्रजीत टाइप करताना त्याला 'टर्न बेस्ड', 'टॅक्टिक्स', 'हेक्स', 'ऑफलाइन' असे शब्द जोडा. यादी एकदम बदलते.

मग पानावर खाली जा. ॲपमधल्या खरेदीची किमान आणि कमाल रक्कम तिथे लिहिलेली असते. कमाल आकडा काही हजारांत असेल तर गेमचा धंदा कशावर चालतो ते उघड आहे. अभिप्राय वाचताना 'सर्वात नवीन' असा क्रम लावा. तीन वर्षांपूर्वी चांगला असलेला गेम मधल्या काळात बिघडलेला असू शकतो. आणि जाहिरातीचा व्हिडिओ सोडून कोणीतरी प्रत्यक्ष खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघा. पट दिसला पाहिजे, चाल दिसली पाहिजे. दहा मिनिटांत एकही चाल दिसली नाही तर तो आपला गेम नाही.

एकट्याने खेळायचा गेम संपर्कयादी किंवा मायक्रोफोन मागत असेल तर नकार द्या. टेलिग्रामवर फिरणारी एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून उतरवायचं ॲप, तर नकोच. फोनमध्ये यूपीआय असतं एवढं एक कारण पुरे.

पायरी पाचवी: उतरवल्यावर पहिल्या दोन तासांत

आधी फोनची सेटिंग्ज. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू करा. घरात मुलं फोन घेत असतील तर हे आजच करा. वर्गणीचा गेम घेतला असेल तर लक्षात ठेवा, ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती स्टोअरमधल्या वर्गण्यांच्या यादीतून रद्द करावी लागते, आणि यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादीही एकदा तपासावी.

मग विमान मोड चालू करून गेम उघडा. गुरुवारी लाईट गेली की घरचं वायफाय जातं, आणि सिव्हिल कोर्टहून स्वारगेटकडे भुयारात शिरलं की माझ्या फोनची रेंज येऊन-जाऊन असते. नेटशिवाय उघडत नसलेला गेम अशा वेळी, म्हणजे नेमकं खेळायला फावतं तेव्हाच, उपयोगाचा नसतो.

तिसरी चाचणी: डावाच्या ऐन मध्यात गेम पूर्ण बंद करा, अलीकडच्या ॲपांच्या यादीतूनही सरकवून टाका, आणि परत उघडा. त्याच चालीवर आलात तर उत्तम.

चौथी चाचणी अंगठ्याची. घरं इतकी बारीक आहेत का की शेजारच्या घराला बोट लागतं? चुकलेली चाल मागे घेता येते का? चष्मा लावून खेळणाऱ्यांनी अक्षरांचा आकार बघावा. मोठे गेम सहा इंची पडद्यावर उघडतात खरे, पण मजकूर मुंगीएवढा दिसतो.

पटलं नाही तर ताटकळू नका. प्ले स्टोअरवर घेतलेल्या गेमचे पैसे ४८ तासांच्या आत परत मागता येतात. ॲपलकडेही तसा अर्ज करता येतो, निर्णय त्यांचा.

एक चकमक जवळून

आता माझा लाडका, बॅटल फॉर वेस्नॉथ. २००३ पासून जगभरातले स्वयंसेवक तो बनवत आहेत, आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांना खुला आहे. संगणकावर पूर्ण फुकट, आयफोन-आयपॅडवर विकत. अँड्रॉइडवर घेताना आधी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जा आणि तिथून दुवा घ्या, कारण मुक्त गेमचं नाव कोणीही वापरू शकतं. मोठा पडदा असेल तर सोन्याहून पिवळं.

दिवाळीतल्या त्या प्रकारानंतर भाचीला मी याच गेमवर बसवलं. सुरुवातीचे धडे झाले, मग अ टेल ऑफ टू ब्रदर्स ही नवख्यांसाठीची छोटी मोहीम. पहिल्याच संध्याकाळी तिने आपला भालेकरी ओढ्याच्या उथळ पाण्यात उभा केला, कारण तिथून शत्रू जवळ होता. पाळी संपवली. पटावर रात्र झाली. समोरचा ऑर्क आला आणि दोन घावांत भालेकऱ्याचं निम्म्याहून जास्त बळ गेलं. "हे चीटिंग आहे!" तिने टॅबलेट माझ्याकडे ढकलला.

मग आम्ही आकडे उघडून बसलो. वेस्नॉथमध्ये घाव चुकवण्याची शक्यता पायाखालच्या जमिनीवरून ठरते. तोच माणूस उथळ पाण्यात २० टक्के वेळा वाचतो, सपाट मैदानात ४०, डोंगरावर ६०. म्हणजे पाण्यात त्याच्यावर शंभरातले ऐंशी घाव बसतात आणि डोंगरावर चाळीसच. त्यात वेळेचा हिशेब. एका दिवसाच्या सहा पाळ्या: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला पहारा, दुसरा पहारा. ऑर्कसारखे निशाचर रात्री २५ टक्के जास्त जोराने मारतात, दिवसा तितकेच कमी. साध्या ऑर्कचे दोन घाव, एकेक ९ चा. रात्री तो ११ चा होतो, दिवसा ७ चा. पाण्यात, रात्री: ११ चे दोन घाव, ऐंशी टक्के, सरासरी साडेसतरा. डोंगरावर, दिवसा: ७ चे दोन, चाळीस टक्के, सरासरी साडेपाच. ऑर्क तोच, भालेकरीही तोच, आणि फरक तिपटीचा.

"म्हणजे उंबरखिंड," ती म्हणाली. मागच्याच पावसाळ्यात शाळेची सहल तिकडे गेली होती. १६६१ मध्ये कारतलबखानाची भलीमोठी फौज घाट उतरून खिंडीतल्या झाडीत शिरली, आणि कितीतरी कमी मावळ्यांनी तिला तिथे कोंडलं. सह्याद्रीत वाढलेल्या मुलीला जमिनीचं महत्त्व वेगळं शिकवावं लागलं नाही. फक्त गेममध्येही ते तसंच चालतं, हे दाखवावं लागलं.

याच चकमकीतून नवख्याला लागणारे बाकीचे नियमही कळतात. गावात उभा राहिलेला सैनिक दर पाळीला ८ बळ परत मिळवतो, म्हणून जखमी माणसाला मागे गावात आणा. शत्रूच्या शेजारच्या घरात शिरलात की तिथेच अडकता, म्हणून दोन सैनिकही रस्ता रोखू शकतात. मोहिमेत मेलेला परत येत नाही, पण जगलेला अनुभवी सैनिक पुढच्या लढाईत २० सोन्यांत बोलावता येतो. त्यामुळे माणसं जपायची सवय आपोआप लागते. हार झाली की पुन्हा सोप्या पातळीवर खेळा. सोपी पातळी शिकण्यासाठीच ठेवलेली आहे, तिचा संकोच धरू नका.

फोन बदलण्याआधी

हे मी नुकसान सोसून शिकले. एका गेममध्ये माझी दीड वर्षाची मोहीम चालू होती. नवा फोन घेतला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला, आणि घरी येऊन बघते तर त्या गेमचा जतन केलेला डाव फक्त जुन्या फोनमध्येच होता. तेव्हापासून गेम घेतल्या घेतल्या मी सेटिंग्जमध्ये क्लाउड सेव्ह, म्हणजे डाव फोनबाहेर इंटरनेटवर जतन करायची सोय, शोधते. ते नसेल तर डावाची फाइल बाहेर काढायची सोय आहे का ते बघते. दोन्ही नसेल तर त्या गेमवर मोठी मोहीम सुरू करत नाही.

भाचीची मोहीम माझ्याच टॅबलेटवर आहे, त्यामुळे ती दर शनिवारी कोथरूडला येते. काल ओढा ओलांडलाच नाही तिने. भालेकरी डोंगरावर, जखमी तिरंदाज मागच्या गावात, समोर पाण्यात उतरलेले तीन ऑर्क, दुसरा पहारा चालू. पहाट व्हायला एक पाळी बाकी आहे, आणि तिने टॅबलेट तसाच बंद करून ठेवला आहे.